पुणे मेट्रो, वनाझ ते कल्याणीनगर : स्कूटर विकून टाकलेल्या मुलीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते : पाचपैकी चार. कापलेला एक गुण स्टेशनाच्या बाहेरचा आहे, आतला नाही. का, ते पुढे येईलच.

मी राहते कोथरूडला, वनाझ स्टेशनापासून रमतगमत चाललं तरी दहा मिनिटांच्या आत. ऑफिस कल्याणीनगरला. ही ॲक्वा लाइन, म्हणजे मेट्रोचा वनाझ ते रामवाडी मार्ग, कोणीतरी माझं घर आणि माझं ऑफिस बघूनच आखली असावी, इतकी माझी सोय झाली आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण 'आजकालच्या पोरांना गाड्याच नकोत' असं जे छातीठोकपणे सांगतात ते स्वतः स्टेशनापासून किती लांब राहतात हे कधी सांगत नाहीत. माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे.

तर, मी माझी स्कूटर विकली. नवीन घेतली नाही. चारचाकीचा विचार चालला होता, तोही सोडला. या विषयावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नावरही अजून झालेली नाही.

बाबांचा धक्का मला कळतो. आजोबांनी चेतकचा नंबर लावला होता. कारखाना इथं आकुर्डीत, पण नंबर यायला पुणेकरालाही वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आणि स्कूटर दारात आली की पेढे वाटले जायचे. बाबांची पहिली गाडी लूना, मग कायनेटिक होंडा, मग जी मिळेल ती. आणि माझी? बारावीचा निकाल लागायच्या आधी आम्ही शोरूममध्ये होतो. पुण्यात मुलीला ॲक्टिव्हा देणं हा एक संस्कारच आहे. त्या दिवशी मला किल्ली, सनकोट, हातमोजे आणि 'लक्ष्मी रोडला लावू नकोस, उचलतात' हा सल्ला एकाच वेळी मिळाला. स्कार्फने डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळलेली मुलगी ही या शहराची ओळख आहे, आणि मी दहा-अकरा वर्षं ती ओळख इमानेइतबारे सांभाळली.

त्या स्कूटरने मला काय दिलं हे मी विसरलेले नाही. क्लास, कॉलेज, रात्रीची नाटकं, पहिली नोकरी, कुठंही जायला कोणाची परवानगी किंवा कोणाची मागची सीट लागली नाही. दुसऱ्या शहरांतून आलेल्या माझ्या मैत्रिणींना याचं फार अप्रूप वाटायचं. म्हणून 'गाडी म्हणजे प्रदूषण, गाडी म्हणजे दिखावा' असलं कोणी बोललं की मला पटत नाही. पुण्यातल्या मुलींसाठी गाडी म्हणजे घरी किती वाजता यायचं हे आपण ठरवणं होतं.

मग विकली का? थेट कारण सांगायचं तर नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती उच्च सुरक्षा पाटी बसवून घ्या असा हुकूम निघाला. दुचाकीला करासकट ५३१ रुपये. रक्कम फार नाही. पण ऑनलाइन स्लॉट घ्या, केंद्रावर जा, जुनी पाटी काढा, नवीन लावा, हे सगळं मी कॅलेंडरवर लिहीत होते आणि त्याच पानावर आधीच लिहिलेलं होतं : पीयूसी संपते, विमा संपतो, मागचा टायर, सर्व्हिसिंग. २०२५ भर त्या पाटीची मुदत पुढे पुढे सरकत राहिली आणि माझं आळसाचं पान तसंच राहिलं. गाडी महिन्यातून जेमतेम चारदा निघत होती, बॅटरी उतरलेली असायची, किकने चालू करताना चप्पल तुटली ती वेगळीच. एका रविवारी मला वाटलं, मी या गाडीवर बसत नाही, ही गाडी माझ्यावर बसली आहे. गल्लीतल्या मेकॅनिकच्या ओळखीतल्या एकाने घेतली. फॉर्म २९, फॉर्म ३०, सह्या, आणि मोबाइलवर 'गाडी तुमच्या नावावरून उतरली' याचा मेसेज. बाबा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

आता ज्यासाठी आलात त्या मेट्रोकडे येऊ.

वनाझचा डेपो जिथं आहे तिथं पूर्वी कोथरूडचा कचरा डेपो होता. लहानपणी पौड रस्त्याच्या त्या टप्प्यावर आम्ही नाक दाबायचो. आता तिथून सकाळी सहाला पहिली गाडी निघते. पहिलंच स्टेशन असल्यामुळे बसायला जागा मिळते. हा वनाझकरांचा माज आहे. आनंदनगरला तो टिकतो, आयडियल कॉलनीला उतरतो. डबे तीनच, त्यामुळे साडेनऊच्या सुमाराला दाराशी उभं राहून फोन बघायचा असेल तर कोपर आवरा. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी, एरवी दहा मिनिटांनी. एसी जरा जास्तच. शाल नको, पण पातळ जॅकेट ऑफिसच्या बॅगेत ठेवाच.

नळ स्टॉपला खाली बघायला विसरू नका. सगळ्यात खाली कर्वे रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल, आणि त्याच्याही वर आपण. खालचे दोन्ही मजले तुंबलेले असतात. एक मजला कमी पडला म्हणून दुसरा बांधला, दुसराही भरला. रस्ते रुंद केल्याने वाहतूक सुटते असं ज्यांना अजून वाटतं त्यांना मी तीस सेकंदांसाठी या खिडकीशी उभं करीन, बाकी काही बोलणार नाही.

डेक्कनला रूळ मुठेच्या कडेला येतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडाला का, हे पूर्वी व्हॉट्सॲपवर कळायचं, आता गाडीतून दिसतं. अख्खा डबा एका बाजूला झुकतो. पुढे महापालिका, जिल्हा न्यायालय, मग मंगळवार पेठ, म्हणजे आरटीओचं स्टेशन. मेट्रोने जाताना आरटीओवरून रोज जायचं आणि आत मात्र काही काम नाही, यातला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. मग पुणे स्टेशन, रुबी हॉल, बंडगार्डनला नदी, येरवडा, आणि कल्याणीनगर. दारातून दारात मला पन्नास-पंचावन्न मिनिटं लागतात. स्कूटरने चांगल्या दिवशी चाळीस लागायची, वाईट दिवशी सव्वा तास. चांगला दिवस कोणता हे निघताना कधीच कळायचं नाही, आणि मला मेट्रोत जे आवडलं ते हेच की इथं दिवस सारखे असतात.

ही सोय एका दिवसात झालेली नाही. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे एवढाच तुकडा सुरू झाला तेव्हा मीसुद्धा हसले होते. पाच किलोमीटरची मेट्रो! लोक पाहुण्यांना फिरवायला आणायचे, पर्वती-सारसबाग-मेट्रो असा कार्यक्रम असायचा. १ ऑगस्ट २०२३ ला ती रुबी हॉलपर्यंत गेली, ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत, आणि त्या दिवसापासून ती माझ्यासाठी सहल न राहता वाहन झाली. येरवड्याचं स्टेशन मागे राहिलं होतं, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघडलं. सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्गही आला.

इथं जुनी गोष्ट आठवते. सप्टेंबर २०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला होता तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या होत्या की तरुण पिढीची मानसिकता बदलली आहे, हप्त्यांत अडकण्यापेक्षा ती ओला-उबर किंवा मेट्रोने जाते. आम्ही सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. पुण्यात तेव्हा मेट्रो म्हणजे कर्वे रस्त्यावरचे पत्रे आणि पत्र्यांआडचा खड्डा होता, त्यामुळे टिंगल रास्तच होती. खपाचं म्हणाल तर तो पुढे चांगला सावरला. २०२४-२५ या वर्षात देशात १ कोटी ९६ लाखांच्या आसपास दुचाकी विकल्या गेल्या आणि मोटारी ४३ लाख. म्हणजे तरुणांनी गाड्या घेणं सोडलं असं देशाच्या पातळीवर म्हणायला काही आधार नाही. सोडलं ते माझ्यासारख्या काही लोकांनी, ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक स्टेशनांच्या आसपास. पण त्या ठिकाणी खरंच सोडलं आहे. आमच्या टीममध्ये चोविशी-पंचविशीतली पाच-सहा मुलं आहेत, त्यांतल्या दोघांकडे लायसन्सच नाही. त्यांना त्याची लाजही वाटत नाही, हे मला जास्त नवल वाटतं. माझ्या वेळी अठराव्या वाढदिवसानंतर आठवडाभरात लर्निंग लायसन्स नसेल तर घरचे डॉक्टरकडे घेऊन गेले असते.

आता पैसे. इथं बरेच मेट्रोभक्त थापा मारतात, म्हणून नीट सांगते. माझं घर ते ऑफिस बारा-तेरा किलोमीटर. स्कूटर शहरात लिटरला चाळीस-पंचेचाळीस द्यायची, पेट्रोल शंभरीच्या पुढे. येऊन-जाऊन साठ रुपये. मेट्रोचं तिकीट वनाझ ते रामवाडी, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, ३० रुपये, माझंही साधारण तेवढंच. येऊन-जाऊन साठ रुपये! वन पुणे कार्ड असेल तर कामाच्या दिवशी दहा टक्के सूट, शनिवार-रविवारी सगळ्यांना तीस टक्के, विद्यार्थ्यांना रोजच तीस टक्के. तर, नुसत्या पेट्रोलशी तुलना केली तर मेट्रोने तुमचे फार फार तर सहा रुपये वाचतील, त्यात अमृततुल्यचा अर्धा चहा येईल. आणि मागे कोणी बसणार असेल तर स्कूटर स्वस्तच. फरक पडतो तो विमा, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक-शू, आणि एकूणच ते कॅलेंडरचं पान, यात.

चारचाकीचं गणित मात्र सरळ आहे. एक साधी हॅचबॅक, रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख धरा. दोन लाख हातचे, आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं : महिन्याचा हप्ता साडेसोळा हजारांच्या वर. माझ्या पगारात बसला असता. गाडी बसली नसती. आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली, तीन मजले, बारा बिऱ्हाडं. खाली जी मोकळी जागा आहे ती सायकली आणि स्कूटरी लावायला ठेवलेली, कारण बांधली तेव्हा इथं मोटार येईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आता चार मोटारी आहेत आणि त्यांतली एक नेहमी बाहेर. पहिल्या मजल्यावरचे काका रोज रात्री जेवण झालं की खाली उतरतात आणि पी-वन, पी-टूचा हिशेब करतात : उद्या विषम तारीख की सम, म्हणजे गाडी या बाजूला की त्या बाजूला. महिना एकतीसचा असला की एकतीस आणि एक, दोन्ही विषम. तेवढी एकच रात्र त्यांना सुट्टी असते. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात, पण तारीख चुकली की टोइंगवाले येणार ही भीती. परवा मला म्हणाले, "तू घेऊ नकोस गं. मला माझी हलवायलाच पुरत नाही." २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन मोटारीची नोंदणी करू देणार नाही. आमच्या गल्लीत तो नियम आधीपासूनच लागू आहे, कागदाची गरजच पडलेली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, छोट्या मोटारींवर आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवर. तेव्हापासून बाबा मला जाहिराती पाठवतात. किंमत कधीच अडचण नव्हती, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आता आईबद्दल सांगितलं पाहिजे, कारण या सगळ्या चर्चेत तरुणांचंच कौतुक चालतं आणि ते मला चुकीचं वाटतं. आई कधी गाडी चालवायला शिकली नाही. आयुष्यभर बाबांच्या मागे, नाही तर पीएमटी, नाही तर रिक्षावाल्याशी हुज्जत. (पीएमपीएमएल होऊन कितीतरी वर्षं झाली, आमच्या घरात ती पीएमटीच आहे.) आता ती एकटी मंडईला जाते. वनाझला बसते, जिल्हा न्यायालयाला उतरते आणि गाडी बदलते. हे स्टेशन बघण्यासारखं आहे. ॲक्वा लाइन वर पुलावर, आणि स्वारगेटची पर्पल लाइन जमिनीखाली ३३ मीटरवर. एकामागून एक सरकते जिने. सुरुवातीला आई प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी थांबायची, पदर आवरायची, उजवा पाय पुढे करायची, मागे करायची, आणि मागे रांग. आता ती फोनवर बोलत चढते. इतक्या खोलवर वरून खरा सूर्यप्रकाश उतरतो, याचं मात्र तिला अजून आश्चर्य आहे. दर वेळी वर बघते.

मंडई स्टेशनातून बाहेर आलं की भाजी समोर, तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. पूर्वी याच खरेदीसाठी रविवारी बाबू गेनू वाहनतळाच्या रांगेत अर्धा तास जायचा आणि बाबांचा पारा तिथंच चढायचा. तुळशीबागेत पोचेपर्यंत दोघं बोलत नसायचे. आता आई तिच्या भिशीच्या मैत्रिणींसोबत जाते, पिशव्या भरून येते आणि बाबांना घरी ठेवते. गणपतीत तर विचारू नका. २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो सलग ४१ तास चालू होती. आम्ही रात्री दोनला देखावे बघून परतलो ते मेट्रोने, पार्किंग शोधत लकडी पुलाच्या भोवती घिरट्या न घालता. ज्यांच्याकडे गाडी कधी नव्हतीच, त्यांना या सेवेने सगळ्यात जास्त दिलं आहे. मी सोडली ते माझ्यापुरतं, पण आईच्या पिढीतल्या बायकांना पहिल्यांदाच स्वतःचं वाहन मिळालं.

आता तो कापलेला गुण.

कल्याणीनगरला जिना उतरलं की मेट्रोचा चकाचक प्रदेश संपतो आणि आपण पुन्हा पुण्यात येतो. ऑफिस एक-सव्वा किलोमीटरवर. चालायला मला आवडतं, पण चालायचं कुठून? फुटपाथ आहे, त्यावर आधी वीजपेटी, मग पाणीपुरीची गाडी, मग लावलेल्या दुचाकी. (हो, माझीही कधीकाळी तशीच लावलेली असायची.) मग फुटपाथच खणलेला. पावसात त्या खणलेल्या भागात किती खोल पाणी आहे ते पाय घातल्यावरच कळतं. मेट्रोने बारा किलोमीटरचा त्रास काढून घेतला आणि एका किलोमीटरचा शिल्लक ठेवला. तरुण मुलगा किंवा मुलगी गाडी ठेवेल की विकेल, हे त्या एका किलोमीटरवर ठरतं.

रिक्षा? सरकारी दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे माझं भाडं बसतं २५ रुपये. स्टेशनाबाहेर 'चाळीस' शिवाय कोणी हलत नाही, आणि ज्या ॲपवर मी रिक्षा बोलावते तिथला चालक आधी फोन करून विचारतो, "मॅडम, कुठं जायचंय?" इतक्या जवळचं म्हटलं की रिक्षाच येत नाही. त्या ॲपला पाचपैकी दीड, तेही नकाशा छान दिसतो म्हणून. शेअर रिक्षा मिळाली तर उत्तम, पण तिचा काही नेम नाही. फीडर बस काही स्टेशनांवर आहे, काही ठिकाणी नाही, तिची वेळ आणि आपली वेळ जुळणं हा योग आहे. मध्ये २०१७-१८ च्या सुमाराला या शहरात भाड्याच्या पिवळ्या, केशरी सायकली आल्या होत्या. त्या जशा आल्या तशा गेल्या. आज स्टेशनाबाहेर त्या असत्या तर मी पाचपैकी पाच दिले असते. स्वतःची सायकल मेट्रोत चढवायला परवानगी आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. सकाळी साडेनऊच्या गर्दीत चढवून बघा, मग सांगा. स्टेशनापर्यंत गाडीने येऊन पुढे मेट्रो, हा पर्याय वनाझला मला लागत नाही, पण ज्यांना लागतो त्यांची पार्किंगवाचून पंचाईत होते, कारण बऱ्याच स्टेशनांवर वाहनतळच नाही.

आणि रात्र. शेवटची गाडी अकराच्या सुमाराला. त्यानंतर मी दहा वर्षं मागे जाते, म्हणजे कोणी सोडायला आहे का ते बघते. बालगंधर्वला साडेनऊचं नाटक लागलं की तिसऱ्या अंकाला माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. स्कूटर होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ज्या मुलींचं काम किंवा जगणं रात्रीचं आहे, त्यांना मी गाडी विकायला सांगणार नाही. मी स्वतः हे नुकसान धरूनच विकली आहे.

'मग कोकणात कशी जाणार?' हा बाबांचा हुकमी एक्का. कोकणात मी भाड्याच्या गाडीने जाते, स्वतः चालवायची. ताम्हिणीतून दापोली, दोन मुक्काम, मैत्रिणींमध्ये वाटून घेतलं की प्रत्येकीला एका एसटी-प्रवासाहून थोडंच जास्त पडतं. ज्या कंपनीकडून शेवटची घेतली तिचं नाव लिहीत नाही, पण ती गाडी परत दिल्यावर पुढच्या बंपरवरच्या जुन्या ओरखड्याचे चार हजार अनामतीतून कापायला निघाली होती. मी गाडी घेतानाच चारही बाजूंनी व्हिडिओ काढला होता, नंबरप्लेटसकट. तो पाठवला, तीन मेल झाले, पैसे आले. तुम्हीही काढा. चाकांच्या रिमचाही काढा, आणि डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटाही. एवढी कटकट वर्षातून दोन-तीनदा परवडते.

माझी एक मैत्रीण उंड्रीला राहते, नोकरी हिंजवडीत. तिच्या घरी दोन दुचाकी आणि एक चारचाकी. ती माझ्यापेक्षा कमी तरुण नाही, कमी सुज्ञ नाही, आणि गाडीचं वेड तर तिला अजिबात नाही. तिच्या घराजवळ स्टेशन नाही एवढंच. माण ते शिवाजीनगर हा हिंजवडीचा तेवीस किलोमीटरचा मार्ग, त्याच्या मुदती इतक्यांदा पुढे गेल्या की तिने विचारणं सोडलं. आणि तो मार्ग झाला तरी उंड्रीहून त्याच्यापर्यंत जायला गाडी लागणारच. तिला कोणी 'जेन-झी आता मालकीपेक्षा अनुभव निवडते' असला लेख पाठवला तर ती त्याला कात्रज चौकात सायंकाळी सहा वाजता उभं करेल.

म्हणून 'मेट्रो आली, आता गाडी विकू का?' असं मला कोणी विचारलं तर मी उलट तीनच गोष्टी विचारते. घरापासून स्टेशन पायी किती, स्टेशनापासून ऑफिस पायी किती, आणि रात्री किती वाजेपर्यंत बाहेर असता. यातलं एक जरी उत्तर गडबडलं तर गाडी ठेवा.

माझा मावसभाऊ सध्या वाघोलीत फ्लॅट बघतोय. एजंट त्याला सांगतो की मेट्रो दारात येणार, आता मोटारीला पैसे घालू नका, तेच फ्लॅटला घाला. रामवाडी ते वाघोली आणि इकडे वनाझ ते चांदणी चौक, या दोन्ही वाढीव मार्गांना केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे हे खरं, आणि चार वर्षांत पूर्ण करू असंही म्हटलं आहे. या शहरात चार वर्षं म्हणजे किती हे मी त्याला समजावलं. तो जुनी बाइक विकायला निघाला होता. मी म्हटलं, आधी ऑइल बदल, चेन घट्ट करून घे, आणि ती ५३१ रुपयांची पाटीही लावून टाक.